चाळीस मुलं, एक मोबाइल: वर्गातली ऑनलाइन प्रश्नमंजुषा नेमकी चालते कशी?

दशांश अपूर्णांक शिकवून झाले, फळा भरला, आणि शिक्षकांनी विचारलं, "समजलं का सगळ्यांना?" वर्ग एका सुरात "होऽऽऽ" म्हणतो. हा होकार किती खरा, ते घटक चाचणीचे पेपर तपासताना कळतं. तोवर दोन धडे पुढे गेलेले असतात.

यावर उपाय म्हणून शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत दर काही दिवसांनी एक नवं ॲप येऊन पडतं. प्लिकर्स, कहूट, क्विझीझ, गुगल फॉर्म. प्रशिक्षणात एखादा तास त्यावर होतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि शाळेत परतल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो: आमच्याकडे मोबाइल एकच आहे, तोही माझाच, मग हे चालवायचं कसं?

एका मोबाइलवर चालतं. मात्र ही साधनं आतून काय करतात ते आधी समजून घेतलं, तर कुठलं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, हे ठरवायला दुसऱ्या कुणाची गरज पडत नाही.

शितावरून भाताची परीक्षा वर्गात का फसते

भाताचं एक शीत चेपून पाहिलं की पातेलं उतरवायचं की नाही ते कळतं, कारण सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. वर्गाचं तसं नसतं. प्रश्न विचारल्यावर जे पाच-सहा हात वर जातात, ते बहुतेक वेळा कालचेच हात असतात. त्यांना येतं म्हणजे वर्गाला येतं, असं मानून आपण पुढे जातो.

त्यात घाईची भर. अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली संभाषणं मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असं त्यांना आढळलं. तो वेळ तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांब येऊ लागली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काही फार नाही, पण शांत वर्गासमोर उभं राहिल्यावर ते फार लांब वाटतात.

शिकवणं चालू असतानाच कुणाला काय कळलं याचा जो अंदाज घेतात, त्याला आपल्याकडे आकारिक मूल्यमापन म्हणतात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाबरोबर २०१०मध्ये हा शब्द महाराष्ट्रातल्या शाळांत आला, आणि पुष्कळ ठिकाणी नोंदवहीच्या रकान्यांत अडकून पडला. त्याचा मूळ हेतू एवढाच: पुढची दहा मिनिटं काय शिकवायचं ते ठरवणं. गुण देणं हा त्यातला दुय्यम भाग.

प्रश्नमंजुषेची सगळी ऑनलाइन साधनं याच कामाला जुंपता येतात. प्रत्येक मुलाचं उत्तर एकाच वेळी, शेजाऱ्याला न दिसता गोळा करायचं, मोजायचं आणि जपून ठेवायचं. बाकी संगीत, रंग, टाळ्या आणि गुणफलक ही वरची कोथिंबीर.

कागदाच्या कार्डावरून मोबाइलला उत्तर कसं कळतं

एका मोबाइलच्या वर्गासाठी प्लिकर्स हे साधन सर्वांत सोयीचं. परदेशी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या हातात रिमोटसारखं छोटं यंत्र द्यायची पद्धत होती. त्याला क्लिकर म्हणत, आणि वर्गभर ती यंत्रं घ्यायची तर खर्च मोठा. प्लिकर्स म्हणजे कागदी क्लिकर. मुलांच्या हातात फक्त एक छापील कार्ड, आणि कॅमेरा शिक्षकांच्या मोबाइलचा.

कार्डावर काळ्या चौकोनांची एक ओबडधोबड आकृती असते. पाहताना क्यूआर कोडची आठवण येते, पण तिच्यात कुठलीही लिंक नसते. तिच्यात दोनच गोष्टी दडलेल्या असतात. पहिली, कार्डाचा क्रमांक. ठिपक्यांच्या रांगोळीत कुठले चौकोन भरले आणि कुठले मोकळे सोडले यावरून जशी रांगोळी ओळखता येते, तसं कॅमेरा हे सातव्या क्रमांकाचं कार्ड, हे एकविसाव्या क्रमांकाचं, असं ओळखतो.

दुसरी गोष्ट, कार्ड कुठल्या बाजूने धरलंय. टपालाच्या पाकिटावर तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात असतं. पाकीट फिरवलं आणि तिकीट खाली डावीकडे गेलं, तर पाकीट उलटं धरलंय हे न वाचताही कळतं. कार्डाची आकृती अशीच एकांगी असते. चारही बाजूंनी ती वेगळी दिसते. चार बाजूंवर ए, बी, सी, डी ही अक्षरं बारीक छापलेली असतात, आणि जे उत्तर द्यायचं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. म्हणजे चाळीस कार्डं गुणिले चार बाजू, अशा १६० आकृत्या मोबाइलला एकमेकींपासून वेगळ्या ओळखाव्या लागतात. तेवढं काम आजच्या साध्या फोनलाही जड जात नाही.

नक्कल जवळजवळ बंद होते ती याचमुळे. शेजारणीचं कार्ड वेगळं, त्यामुळे तिच्या आकृतीकडे बघून काहीच समजत नाही, आणि अक्षर इतकं बारीक की दोन हातांवरून वाचता येत नाही.

तयारी: खर्च झेरॉक्सचा, चुकाही तिथल्याच

प्लिकर्सच्या संकेतस्थळावर खातं उघडून कार्डांची फाइल फुकट उतरवता येते. नेहमीचा संच ४० कार्डांचा, एका पानावर दोन, म्हणजे २० पानं. मोठ्या वर्गासाठी ६३ कार्डांचा संचही मिळतो. कागद जाडसर घ्या. साध्या झेरॉक्सच्या कागदाचं कार्ड हातात वाकतं, आणि वाकलेल्या कार्डावरचा चौकोन कॅमेऱ्याला चौकोन दिसत नाही.

छपाई गडद हवी. टोनर संपत आलेल्या मशीनवर काळा भाग राखाडी आणि पट्टेरी येतो, मग पाठीमागच्या बाकांवरची कार्डं वाचली जात नाहीत. आकृतीभोवतीची पांढरी कड कापू नका. काळं कुठे संपतं ते कॅमेरा त्या कडेवरून ठरवतो. टिकावीत म्हणून कार्डं लॅमिनेट करायचा मोह सगळ्यांना होतो. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट किंवा खिडकी चमकते आणि आकृतीचा नेमका एक कोपरा पांढरा होतो. करायचंच असेल, तर बिनचमकेचं करा. नाहीतर कार्ड वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. हरवत नाही, वाकत नाही, आणि वही शाळेत आली की कार्डही येतं.

मराठी माध्यमाच्या वर्गात एक छोटं काम जास्तीचं. पर्याय अ, ब, क, ड असतात आणि कार्डावर इंग्रजी अक्षरं. इंग्रजी अक्षराशेजारी, पांढऱ्या भागात, पेन्सिलने बारीक अ, ब, क, ड लिहून द्या. काळ्या आकृतीला पेन लागू देऊ नका.

मग साधनात वर्ग तयार करून मुलं भरायची. पहिलं नाव पहिल्या कार्डाला, दुसरं दुसऱ्याला. इथे वर्षभर पुरणारी एक खबरदारी घ्या: कार्डाचा क्रमांक एकदा दिला की तो बदलायचा नाही. जूनमध्ये हजेरी क्रमांकाप्रमाणे कार्डं वाटली, ऑगस्टमध्ये एक नवा प्रवेश झाला, आडनावानुसार हजेरी पुन्हा लावली, आणि कार्डंही सरकवली, तर जुन्या नोंदी भलत्याच मुलांच्या नावावर जातात. नव्या मुलाला शेवटचं कार्ड द्या, हजेरी काहीही म्हणो.

प्रश्न विचारताना टीव्ही किंवा प्रोजेक्टर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. प्रश्न फळ्यावर लिहा. मुलांनी कार्ड कडेला धरून छातीसमोर आणायचं, बोट आकृतीवर येऊ द्यायचं नाही. मोबाइल स्थिर धरून वर्गावरून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. ज्यांचं उत्तर नोंदलं जातं, त्यांची खूण पडद्यावर दिसते. दोन-तीन मुलं हटकून राहतात. बहुतेकदा पुढच्या मुलाच्या डोक्यामागे कार्ड लपलेलं असतं, किंवा बोट आडवं आलेलं असतं. मुलांच्या पाठीमागे उजेडाची खिडकी असेल, तर कार्डांच्या तोंडावर सावली पडते आणि अर्धा वर्ग वाचलाच जात नाही. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभे राहा, मुलांची तोंडं उजेडाकडे येऊ द्या.

खरं काम प्रश्नात असतं

साधन शिकायला एक दुपार पुरते. चांगला प्रश्न काढायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि प्रशिक्षणात नेमकं याच गोष्टीला शेवटची पाच मिनिटं मिळतात.

हा प्रश्न पाहा: सर्वांत मोठी संख्या कोणती? अ) ०.५ ब) ०.३५ क) ०.४०७ ड) ०.१२५. उत्तर अ. वर्गातल्या ३० जणांनी अ दिलं, तर समजलं असं धरायचं? धोका आहे. दशांशांत मुलं दोन उलट दिशांनी चुकतात, हे ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातल्या केय स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी तपशिलाने दाखवलं आहे. काहींना जास्त अंकांची संख्या मोठी वाटते, कारण दशांश चिन्हानंतरचा भाग ती साध्या संख्येसारखा वाचतात: "पॉइंट चारशे सात". काहींना कमी अंकांची मोठी वाटते, कारण सहस्रांश हे दशांशाहून लहान असतात एवढं त्यांनी पकडलेलं असतं आणि बाकी सोडलेलं. वरच्या प्रश्नात ही दुसरी मुलं चुकीच्या विचाराने बरोबर उत्तर देतात. तुमचा तक्ता हिरवा दिसतो आणि चूक आत तशीच राहते.

आता हाच प्रश्न असा मांडा: अ) ०.३ ब) ०.५३८ क) ०.६२ ड) ०.०९. बरोबर उत्तर क. पाचशे अडतीस मोठे मानणारा ब कडे जाईल. कमी अंक म्हणजे मोठी संख्या असं मानणारा अ कडे. दशांश चिन्हापुढचं शून्य गाळून ०.९ वाचणारा ड कडे. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला एक ठरावीक गैरसमज चिकटवलेला आहे, त्यामुळे उत्तरांचा तक्ता पाहताच कुणाला नेमकं काय समजावायचं ते कळतं.

(या गोंधळाला क्रिकेटचाही हातभार असतो. ४.५ षटकं म्हणजे चार षटकं आणि पाच चेंडू, साडेचार षटकं नव्हेत. टीव्हीवर ४.५ नंतर एक चेंडू पडला की थेट ५ होतात. मुलाने हे रोज पाहिलेलं असतं, आणि मग गणितात ४.५ नंतर ४.६, ४.७ का येतात याचं त्याला नवल वाटतं.)

चुकीचे पर्याय शोधायला फार लांब जावं लागत नाही. गेल्या वर्षीच्या चाचणीचे गठ्ठे काढा. मुलांनी जी चुकीची उत्तरं पुन्हापुन्हा लिहिली आहेत, तेच तुमचे पर्याय. "वरीलपैकी सर्व" आणि "यापैकी नाही" हे दोन पर्याय मात्र टाळा. त्यांतून मुलाच्या डोक्यात काय आहे ते कळत नाही, आणि पर्यायांचा क्रम आपोआप बदलणाऱ्या साधनात "वरीलपैकी सर्व" पहिल्या क्रमांकावर येऊन बसतं.

उत्तरं आली, आता पुढे?

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१च्या सुमारास व्याख्यानाच्या मध्येच असे प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीतला ढोबळ हिशेब शाळेतही कामी येतो. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असली, तर मुद्दा पुन्हा शिकवायचा, आणि वेगळ्या तऱ्हेने. ७० टक्क्यांहून जास्त असली, तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचं. मधली असली, तर उत्तर सांगायचं नाही. दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घाला म्हणायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. ज्याला नुकतंच कळलंय, त्याला न कळणारा कुठे अडतो ते ताजं आठवत असतं. आपण शिक्षक ते कधीच विसरलेलो असतो.

या मधल्या वेळात तक्ता दाखवू नका. सर्वांत उंच पट्टी दिसली की दुसऱ्या फेरीत सगळी कार्डं तिकडे वळतात, आणि वाद घालायचं काही उरत नाही.

टक्केवारीबद्दल एक सावधगिरी. चार पर्याय असले की डोळे मिटून दिलेलं उत्तरही चारात एकदा बरोबर येतं. समजा ४० पैकी २२ जणांचं बरोबर आलं. १६ जणांना खरंच येत होतं आणि उरलेल्या २४ जणांनी ठोकून दिलं, तरी त्या २४ मधले साधारण ६ बरोबर येतात. १६ आणि ६ मिळून २२. पडद्यावर ५५ टक्के दिसतात, प्रत्यक्षात ४० टक्क्यांनाच आलेलं असू शकतं. म्हणून एका प्रश्नावरून कुठल्याही एका मुलाबद्दल मत बनवू नये. वर्गाबद्दल अंदाज करायला तो पुरतो. मुलाबद्दल बोलायचं, तर त्याच मुद्द्यावरचे तीन-चार प्रश्न, वेगवेगळ्या दिवशी.

प्रत्येकाच्या हातात फोन असेल तर?

वरच्या इयत्तांत किंवा संगणक कक्षात मुलांना स्वतःचं यंत्र मिळतं, तेव्हा कहूट आणि गुगल फॉर्म ही दोन नावं आधी येतात. दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

कहूट ही शर्यत आहे. नेहमीच्या मांडणीत एका प्रश्नाला जास्तीत जास्त १००० गुण, आणि उत्तराला वेळ लागेल तसे ते कमी होत जातात. २० सेकंदांचा प्रश्न असेल आणि बरोबर उत्तर दहाव्या सेकंदाला दिलं, तर ७५० मिळतात. अगदी शेवटी दिलं तर ५००. म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्या दोन मुलांत दुपटीचा फरक केवळ वेगामुळे पडू शकतो. पाढे, राजधान्या, शब्दार्थ यांच्या सरावाला हे छान. पण ज्याला प्रश्न वाचायलाच बारा सेकंद लागतात, तो दोन फेऱ्यांत समजून चुकतो की विचार करण्यापेक्षा काहीतरी दाबून मोकळं व्हावं. विचाराचा प्रश्न असेल, तर वेळ वाढवा, गुण बंद करा. दोन्ही सोयी आत आहेत, फार कमी जण वापरतात.

गुगल फॉर्म शांत. त्याच्या सेटिंगमध्ये प्रश्नमंजुषेचा पर्याय चालू केला की तो स्वतः तपासून गुण देतो आणि सगळी उत्तरं तक्त्यात भरतो. मराठीतून वापरताना तो एका जागी हमखास दगा देतो. "उत्तर लिहा" असा प्रश्न असला, तर संगणक अक्षरामागच्या क्रमांकांची तुलना करतो, अर्थाची नाही. तुम्ही उत्तर देवनागरी अंकांत १२ ठेवलं आणि मुलाने इंग्रजी कीबोर्डवरून 12 लिहिलं, तर संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी चिन्हं, आणि मुलाला शून्य. "१२ सेमी", "१२सेमी" आणि "१२ से.मी." ही तीन वेगळी उत्तरं. "नदी"ला "नदि" लिहिलं की चूक. "तऱ्हा"मधला ऱ्ह तर दोन कीबोर्डांवर दोन तऱ्हांनी साठवला जातो, दिसतो मात्र सारखा. उपाय दोन: उत्तरतालिकेत चालणारी सगळी रूपं लिहून ठेवा, किंवा सरळ पर्यायांचा प्रश्न करा. पहिल्याच फॉर्मनंतर "साहेब, माझं बरोबर असून चूक दाखवतंय" अशी रांग लागली, तर कारण बहुधा हेच.

जुन्या प्रश्नपत्रिका त्यात चिकटवतानाही असंच होतं. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. मजकूर दुसरीकडे नेला की फॉन्ट मागे राहतो आणि उघडी इंग्रजी अक्षरं दिसतात. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आणि सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, बदलावा लागतो, आणि बदलल्यावर जोडाक्षरं व वेलांट्या डोळ्यांखालून घालाव्या लागतात.

फॉर्म घरी पाठवायचा असेल, तर घरातला फोन कुणाच्या खिशात असतो ते लक्षात घ्या. आई-वडील कामावरून येईपर्यंत मुलाच्या हाती काही लागत नाही. सायंकाळी सहाला बंद होणारा फॉर्म मुलाचा अभ्यास मोजत नाही, घरातल्या फोनांची संख्या मोजतो.

"नाव, वर्ग, फोटो सगळं परदेशी कंपनीला कशाला द्यायचं?"

पालकांचा हा आक्षेप रास्त आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे. बालकाची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, असं हा कायदा म्हणतो, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं व त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यांना तो मनाई करतो.

शाळेच्या पातळीवर सोपा मार्ग म्हणजे माहिती द्यायचीच नाही. साधनात "क्रमांक ७", "क्रमांक ८" एवढंच भरा. कुठला क्रमांक कुणाचा, ही यादी तुमच्या वहीत. कार्डांच्या पद्धतीत मुलांना खातं उघडावं लागत नाही, ईमेल लागत नाही, त्यामुळे मुलाचं नाव बाहेर जायचं कारणच उरत नाही. जन्मतारीख, आधार क्रमांक किंवा पालकांचा फोन मागणारं प्रश्नमंजुषेचं ॲप सरळ बाजूला ठेवा. या कामाला त्यातलं काहीही लागत नाही.

पडद्यावर नावांसकट चूक-बरोबर दाखवू नये, हे कायद्यात शोधायची गरज नाही.

"प्रश्न एआयकडून काढून घेतले तर?"

वेळ वाचतो, पण तपासणी वाढते. यंत्राने दिलेले चुकीचे पर्याय बऱ्याचदा इतके असंबद्ध असतात की मूल ते न शिकताच गाळतं. बरोबर पर्याय इतरांपेक्षा लांब आणि सविस्तर असतो, आणि चलाख मुलांना ही खूण दोन दिवसांत सापडते. मराठी परिभाषाही सरमिसळ येते: एका प्रश्नात "छेद", दुसऱ्यात "हर", कारण हिंदीत छेदाला हर म्हणतात. पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून पाहा, आणि पर्याय तुमच्या मुलांच्या चुकांवरून बदला. यंत्राने तुमच्या वर्गाच्या वह्या पाहिलेल्या नाहीत.

"आज फुकट आहे, उद्या?"

उद्याचं खरंच सांगता येत नाही. गुगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा करोनाच्या काळात असंख्य शिक्षकांनी वापरला. ३१ डिसेंबर २०२४ला तो बंद झाला. बंगळुरूत सुरू झालेल्या क्विझीझने २०२५मध्ये नावच बदलून वेग्राउंड केलं. मोफत योजनेत किती प्रश्न, किती मुलं, याच्या मर्यादाही कंपनीच्या मर्जीने बदलतात. म्हणून प्रश्न साधनात टाइप करायच्या आधी स्वतःच्या फाइलमध्ये लिहा, तिथून चिकटवा. दर सत्राअखेर उत्तरांचा तक्ता उतरवून ठेवा. साधन बदललं, तरी प्रश्न आणि नोंदी तुमच्याच राहतात, आणि मेहनत गेलेली असते ती त्यांच्यावरच.

"आमच्याकडे रेंजच नाही"

मग पाटी. गंमत करत नाही. उत्तर एखादी संख्या, शब्द किंवा छोटी आकृती असेल, तर पाटी कुठल्याही ॲपला मागे टाकते, कारण तिच्यावर मूल पर्याय निवडत नाही, स्वतःचं उत्तर लिहितं. मात्र शिस्त कार्डांचीच हवी. प्रश्न सांगितल्यावर पाटी छातीशी उलटी, "दाखवा" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पुढे. एकेकाने वर केली, की मागचे पुढच्यांचं बघून पुसतात आणि सुधारतात. पाटी नसेल, तर जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे चार तुकडे, चार रंगांचे. रंग दुरून दिसतो, शिवाय मोजायला सोपा.

पाटीत एकच उणीव: नोंद राहत नाही. चाळीस पाट्या पाच सेकंदांत नजरेखालून जातात आणि पुसल्या जातात. त्यावर उपाय म्हणजे हजेरीची एक झेरॉक्स टेबलावर ठेवायची आणि फक्त चुकलेल्यांची चूक वरच्या दशांशाच्या प्रश्नातल्या ज्या पर्यायासारखी, त्याचं अक्षर त्यांच्या नावापुढे लिहायचं. बरोबर आलेल्यांपुढे काहीच लिहायचं नाही. तासाला दोन प्रश्न, आठवड्यातून तीन तास. महिनाअखेर ज्या नावापुढे सलग ब, ब, ब दिसतात, ते मूल दशांश चिन्हानंतरचे अंक अजूनही पाचशे अडतीस असेच वाचत आहे.